बाईंच्या स्कूटरला गिअर का नव्हता?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी नको म्हटलं. त्यावर तुम्ही सगळे रोज मोबाइलवर माझ्यापेक्षा जास्त वाचता, आणि आपल्या गटावर पुढे पाठवता. मी म्हटलं, मला पंधरा मिनिटं द्या, मला एक जुना गृहपाठ दाखवायचाय. तीस वर्षं उशीर झालाय.

आपल्या शास्त्राच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जरा धाकधूक आहे.

नववीत असताना बाईंनी कायनेटिक होंडा घेतली, हे तुम्हाला आठवत असेलच. वाईत तेव्हा स्कूटर म्हणजे चेतक, आणि चेतक म्हणजे डाव्या मुठीत गिअर. माझ्या वडिलांची होती. ती सुरू करताना आधी वाकवायची, मग किक, मग शेजारच्यांची किक. बाईंची गाडी बटण दाबलं की सुरू व्हायची, आणि गिअर नव्हताच. बाई दर रविवारी आईला भेटायला त्या गाडीवरून पसरणी घाट चढून पाचगणीला जायच्या. मधल्या सुट्टीत मी विचारलं, “बाई, गिअर नाही तर घाट कशी चढते?” बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मला नाही माहीत. तू शोधून काढ आणि मला सांग.”

शिक्षकांनी ‘मला माहीत नाही’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शोधून मात्र काढलं नाही. दहावी आली, बारावी आली, मग चार वर्षं यांत्रिकी अभियांत्रिकी केलं. त्यात पट्टा आणि पुलीचं एक सूत्र होतं, घर्षण, कोन आणि ताण यांचं. ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क मिळवले. २००१ साली पदवी हातात पडली आणि माझ्या निम्म्या वर्गाबरोबर मीही सॉफ्टवेअरमध्ये गेले. यंत्राला हात न लावता यांत्रिकी अभियंता होता येतं, त्याचा मी पुरावा आहे.

आता मुद्द्यावर येते. ही माझ्यासमोर टेबलावर ठेवलीय ती पुली. जड आहे, पिशवीतून आणताना बसवाल्याने विचारलं काय आहे म्हणून. ही स्कूटरची नाही, एटीव्हीची आहे. एटीव्ही म्हणजे माळरानावर, चिखलात, दगडधोंड्यांत पळणारी चार जाड चाकांची गाडी. लोणावळ्याकडे पर्यटकांना फिरवतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. बाईंच्या स्कूटरमध्ये आणि या दांडगट गाडीत एकच युक्ती आहे. तिचं नाव सीव्हीटी. इंजिन आणि चाक यांच्यातलं प्रमाण पायऱ्यापायऱ्यांनी न बदलता सलग बदलत नेणारी व्यवस्था.

आधी गिअर लागतोच कशाला? सायकल आठवा. शाळेतून मेणवलीला जाताना सपाटीवर पाय ठरावीक लयीत चालायचे. चढ आला की लय मोडायची, उभं राहून दामटावं लागायचं. पायांची एक सोयीची गती असते, त्याहून हळू फिरवलं तर जोर पुरत नाही, फार भराभर फिरवलं तर दम जातो. इंजिनाचंही तसंच आहे. त्याला एका ठरावीक फेऱ्यांवर काम करायला आवडतं, आणि रस्ता मात्र दर शंभर फुटांवर वेगळं काहीतरी मागत असतो. दोघांच्या मधे कोणीतरी समेट घडवून आणावा लागतो. चेतकमध्ये तो वडिलांचा डावा हात होता, चार पायऱ्यांचा. इथे तो एक रबरी पट्टा आहे.

आता या दोन बशा बघा. चहाच्याच आहेत, स्वयंपाकघरातून मागून घेतल्या. तळाला तळ लावून धरल्या की मधे इंग्रजी व्हीसारखी खाच तयार होते. या खाचेत पट्टा बसलाय असं समजा. बशा जवळ आणल्या की खाच अरुंद होते, पट्ट्याला आत जागा उरत नाही, तो वर कडेकडे सरकतो. बशा लांब केल्या की पट्टा खाली आसाकडे उतरतो. म्हणजे पुली तीच, पण पट्ट्यापुरती ती कधी मोठी होते, कधी लहान. सगळी किमया एवढीच. बाकी राहतो तो प्रश्न, बशा जवळ-लांब करतं कोण.

अशा दोन पुल्या असतात. पुढची इंजिनाच्या दांड्यावर, मागची चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर, आणि दोघींवरून एकच पट्टा. पट्ट्याची लांबी बदलत नाही. पुढच्या पुलीवर तो वर चढला तर मागच्या पुलीवर त्याला खाली उतरावंच लागतं. गाडी निघताना पुढे पट्टा आसाजवळ असतो, समजा तीन सेंटिमीटरवर, आणि मागे कडेला, नऊ सेंटिमीटरवर. पुढची तीनदा फिरते तेव्हा मागची एकदा. वेग तिसरा हिस्सा, पण पिळाचा जोर तिप्पट. हा झाला पहिला गिअर. गाडी पळायला लागली की पुढे पट्टा सातवर चढतो, मागे साडेपाचवर उतरतो. आता मागची पुलीच पुढचीपेक्षा जास्त फिरते. या दोन टोकांच्या मधे जितकी म्हणून प्रमाणं आहेत ती सगळी गाडीला मिळतात.

एक हिशेब करून दाखवते, बाईंना तोंडी हिशेब आवडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतंय. पट्ट्याचं प्रमाण ३, म्हणजे मागच्या पुलीच्या १,००० फेऱ्या. पुढे साधा गिअरचा डबा आहे, तो आणखी आठपट कमी करतो, चाकाच्या १२५ फेऱ्या. चाकाचा घेर पावणेदोन मीटर. गाडीचा वेग आला ताशी साधारण १३ किलोमीटर. आता इंजिन तसंच ३,००० वर ठेवा आणि पट्ट्याचं प्रमाण ०.८ करा. वेग येतो ताशी ४९ किलोमीटर. इंजिनाचा आवाज सगळा वेळ सारखाच, आणि गाडी मात्र तेरावरून एकोणपन्नासवर. बाईंची गाडी लांबून येताना एका सुरात यायची, चेतकसारखी हुंदके देत नाही यायची, त्याचं कारण हे. मला ती गाण्यासारखी वाटायची. परवा कळलं की सदाशिवला ती पिठाच्या गिरणीसारखी वाटायची.

आता बशा हलवणारा. पुढच्या पुलीच्या आत ही छोटी वजनं बघा, बिजागरीवर बसवलेली. पुली फिरते तशी ती बाहेर फेकली जातात. गोल फिरताना दोरीला बांधलेला दगड हात ओढतो तसं. बाहेर जाता जाता ती सरकत्या बशीला ढकलतात, बशा जवळ येतात. त्यांच्या विरुद्ध एक स्प्रिंग आहे, ती बशा लांब ठेवायला बघते. इंजिन संथ चालू असताना स्प्रिंग जिंकते. बशा इतक्या लांब असतात की पट्टा त्यांच्यात सैल पडून राहतो, पुली नुसती आत फिरते. म्हणजे क्लचचं कामही तिथेच होतं. अॅक्सिलरेटर दिला की वजनं जोर धरतात, बशा पट्ट्याला चिमटीत पकडतात आणि गाडी निघते. बऱ्याच एटीव्हींत हे असं आहे. स्कूटरमध्ये थोडं वेगळं असतं. तिथे बिजागरीऐवजी गोल रोलर असतात, पट्टा संथ चालीतही फिरत राहतो आणि क्लच वेगळा, मागच्या चाकाजवळ.

मागच्या पुलीत उलटं. तिथली स्प्रिंग बशांना जवळ दाबून धरते. पण खरी गंमत स्प्रिंगच्या शेजारी आहे. सरकती बशी सरळ सरकत नाही, ती एका तिरक्या उतरणीवरून, वळत वळत सरकते. बरणीचं फिरकीचं झाकण जोराने फिरवलं की ते आत घट्ट बसतं ना, तसंच. घाट लागला, चाकावर भार आला, की चाक अडून बसतं आणि पट्टा बशीला ओढत राहतो. त्या ओढाताणीत बशी उतरणीवर वळते आणि पट्ट्याला जास्तच दाबते. दाबला गेलेला पट्टा कडेकडे चढतो. मागे चढला म्हणजे पुढे उतरला. म्हणजे गिअर खाली आला. कोणी न सांगता, कोणी हात न लावता.

बाई, घाट असा चढत होती तुमची गाडी.

मी रोज ज्या कामाचा पगार घेते त्यात एवढीशी गोष्ट करायला सेन्सर लागतात, प्रोसेसर लागतो, हजारो ओळींचा प्रोग्रॅम लागतो, आणि तो लिहिणारी दहा माणसं दर सोमवारी बैठक घेतात. इथे पुढच्या पुलीला इंजिनाचा वेग कळतो, मागच्या पुलीला रस्त्याचा भार कळतो, आणि निरोप नेणारा पट्टाच. तोच निरोप, तोच निरोप्या, आणि ओझंही तोच वाहतो.

थोडा इतिहास. मोटारीत ही युक्ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणली नेदरलँड्सच्या हब व्हान डोर्न यांनी. १९५८ साली त्यांच्या डाफ कंपनीची छोटी मोटार आली, तिच्या व्यवस्थेचं नाव व्हेरिओमॅटिक. त्या गाडीला मागे जायचा वेगळा गिअर असा नव्हता, नुसती दिशा उलटी व्हायची, त्यामुळे ती जितकी जोरात पुढे जायची तितकीच मागे. पुढे डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यती लावल्या! अमेरिकेत बर्फावरच्या गाड्यांना रबरी पट्टा आधीपासून होता. १९८५ साली तिथल्या पोलारिस कंपनीने तोच आपल्या एटीव्हीला लावला आणि पुढे या गाड्यांची ती ओळखच होऊन बसली. आपल्याकडे त्याच सुमारास पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर मिळून ही स्कूटर आणली. कारखाना होता इंदूरजवळ पिथमपूरला. हे गावाचं नाव लक्षात ठेवा.

आता मला हे सगळं कळलं कसं ते सांगायला हवं, कारण ते फारसं कौतुकाचं नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्यांच्या कॉलेजची टीम ‘बाहा’ नावाच्या स्पर्धेत उतरायची. मुलांनी स्वतः एटीव्हीसारखी एका माणसाची गाडी बनवायची, आणि ती पळवून दाखवायची. ही स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली, भारतात २००७ पासून भरते. तेव्हा इंजिन सगळ्यांना एकच असायचं, १० अश्वशक्तीचं. जास्त ताकदीचं लावायला परवानगी नव्हती. त्यामुळे सगळी चुरस त्या दहा घोड्यांना कोण कसं जुंपतं यावर, आणि म्हणून सीव्हीटीवर मुलांचा जीव.

ते साल २०१७. भाचा म्हणाला, “मावशी, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, आम्हाला नोंदी घ्यायचं काहीतरी करून दे.” मी दिलं. दोन्ही पुल्यांवर एकेक चुंबक चिकटवला, समोर एकेक सेन्सर, आणि सेकंदाला दहा वेळा दोघींच्या फेऱ्यांची नोंद. एकाला दुसऱ्याने भागलं की त्या क्षणाचं प्रमाण मिळतं. पहिला आलेख पडद्यावर पाहिला तो दिवस मी विसरणार नाही. इंजिनाची रेघ वर चढून ३,००० च्या आसपास आडवी झाली, आणि गाडीच्या वेगाची रेघ तिच्याखालून सावकाश वर वर येत राहिली. मघाशी तुम्हाला तोंडी सांगितलेला हिशेब तिथे कोणीतरी चित्रात काढला होता. मी त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते, नाही, खरं सांगायचं तर अडतीस. अडतिसाव्या वर्षी मला बाईंच्या स्कूटरचं उत्तर समोर दिसलं.

वजनं बदलून बदलून मुलांनी ती आडवी रेघ बसवली होती. वजन जड घातलं की पट्टा घाईने वर चढतो आणि इंजिन घुसमटतं. हलकं घातलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मागे राहते. एकेक दोनदोन ग्रॅमचा खेळ. गाडी छान पळायला लागली.

आणि मग पट्टे जळायला लागले. कॉलेजमागच्या टेकडीवर सराव चालायचा. वीस-पंचवीस मिनिटं गाडी उत्तम, मग चढावर मधेच जोर जायचा, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, पाठोपाठ जळक्या रबराचा वास. पट्टा परदेशातून मागवलेला, मुलांनी वर्गणी काढून. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मुलं वजनांना दोष देत होती, मग स्प्रिंगला, मग चालवणाऱ्याला. मी रात्री ऑफिसचं काम संपवून आलेख बघत बसायचे. आलेखात काहीच सापडायचं नाही. रेघा स्वच्छ.

स्वच्छ का होत्या? कारण त्या मी स्वच्छ केल्या होत्या.

सांगते. गाडी उभी असताना पुढची पुली फिरते आणि मागची थांबलेली असते. तेव्हा भागाकार केला की भलतंच प्रमाण येतं, शंभर, हजार, काहीही. आलेख बिघडायचा. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती. या पुल्यांच्या भूमितीत चारच्या वर प्रमाण जाऊच शकत नाही, तेव्हा चारच्या वरची नोंद आली की ती चुकीची समजून काढून टाकायची. ओळ घालताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

इथे लंबकाचा प्रयोग आठवा. नववीची प्रयोगशाळा. माझं एक निरीक्षण बाकीच्यांशी जुळत नव्हतं, म्हणून मी ते रबराने खोडून जुळणारा आकडा लिहिला. बाईंनी वही उजेडात धरली, खोडलेला आकडा वाचला आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला. म्हणाल्या, “आलेलं निरीक्षण खोडायचं नाही. पटत नसेल तर शेजारी ‘शंका’ लिहा.” मी त्या दिवशी रडले होते, हेही काहींना आठवत असेल. आठवलं नाही तरी चालेल.

टीममध्ये एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाची. गप्प असायची. तिसरा पट्टा जळाला त्या संध्याकाळी ती म्हणाली की मागची पुली पुसताना हाताला ओलसर लागतं. सगळे म्हणाले, रबराची काजळी असते ती, गरम होऊन चिकट लागते. मीही तेच म्हणाले. ती पुढे काही बोलली नाही. पण जाताना तिने मला विचारलं, “मावशी, तुम्ही ज्या नोंदी काढून टाकता त्या कुठे जातात?”

कुठेच जात नव्हत्या. मी त्या फेकत होते. त्या रात्री ती ओळ काढली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी टेकडीवर नेली. चढावर, गाडी चालू असताना, प्रमाण पाच येत होतं, सहा येत होतं. भूमितीला जे शक्य नाही ते आकड्यात दिसत होतं. सेन्सर बिघडला असता तर अशा नोंदी सुरुवातीपासून विखुरलेल्या दिसल्या असत्या. इथे पहिली पंधरा मिनिटं एकही नाही. मग एखादी. मग दोन. विसाव्या मिनिटानंतर चढ आला की झुंडीने. भूमितीपेक्षा मोठं प्रमाण येतं याचा अर्थ एकच, पट्टा पुलीला धरून नाही, घसरतोय. आणि पंधरा मिनिटं कशाला लागतात? काहीतरी गरम व्हायला.

पुली उघडली. तिच्यामागे गिअरच्या डब्यातून जो दांडा बाहेर येतो त्याचा ऑइल सील फाटलेला होता. तेल थंड असताना दाट, ते थांबून राहायचं. गरम होऊन पातळ झालं की थेंबाथेंबाने दांड्यावरून बाहेर यायचं आणि फिरणाऱ्या पुलीवर पसरायचं. हा पट्टा फक्त कोरड्या चिमटीवर चालतो. त्याला तेल म्हणजे विष. आपल्या गिरणीवाल्या काकांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं. सीलची किंमत टीमच्या चहाच्या एका फेरीएवढी होती. तीन पट्टे आणि सहा आठवडे गेले होते, त्यातले निदान चार आठवडे माझ्या एका ओळीने खाल्ले. मुलांनी मला काही म्हटलं नाही. मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती लाजली आणि म्हणाली, तिलाही पुली ओली का आहे ते माहीत नव्हतंच, फक्त ओली आहे एवढंच दिसलं होतं.

जानेवारीत आम्ही स्पर्धेला गेलो. गाव कोणतं? पिथमपूर. ज्या गावात बाईंची स्कूटर तयार झाली तिथे, मोटारींच्या चाचण्या घेण्यासाठी बांधलेल्या मैदानावर. चढाच्या फेरीत आमची गाडी एका सुरात वरपर्यंत गेली. मी कुंपणाला धरून उभी होते आणि मला पसरणी घाट दिसत होता. तुम्हाला वाटेल आता बक्षीस मिळालं म्हणून सांगेन. नाही मिळालं. चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत दुसऱ्या तासाला पुढच्या चाकाचा सांधा तुटला आणि गाडी दोराने ओढत आणली. सीव्हीटी तेव्हाही ठणठणीत होती, याचा त्या मुलांना काडीचाही उपयोग नव्हता.

बाई, आणखी एक उत्तर राहिलंय, तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं. तुम्ही घाट उतरताना म्हणायचात ना, गाडी सुटल्यासारखी वाटते म्हणून? बरोबर वाटायचं. चेतक खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला मागून धरून ठेवायचं. तुमच्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडून वेग एका मर्यादेखाली आला की क्लच सुटतो, इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, मग सगळा भार ब्रेकवर. ज्या एटीव्हींत पट्टाच क्लचचं काम करतो तिथेही हीच अडचण. वजनं आत मिटली, बशा उघडल्या, पट्टा सैल, गाडी मोकळी. म्हणून काही गाड्यांत पुढच्या पुलीत एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग घालतात. चाक इंजिनापेक्षा जोरात धावायला लागलं की ते पट्ट्याला पकडतं आणि इंजिन लगाम लावतं. काहींत पट्टा कधी सैल पडूच देत नाहीत, क्लच वेगळा आणि तेलात बुडालेला ठेवतात.

आणि तुमच्यापैकी जे सुट्टीत मुलांना घेऊन त्या भाड्याच्या एटीव्हींवर बसतात त्यांच्यासाठी एक सूचना. गाडीला ‘एच’ आणि ‘एल’ अशी दोन अक्षरं असतील तर उभ्या चढावर, किंवा गोगलगाईच्या वेगाने दगडांतून जाताना ‘एल’ टाका. ‘एच’मध्ये हळूहळू रेटत राहिलात तर पट्टा अर्धवट चिमटीत घसरत राहतो. मागच्या दिवाळीत माझ्याच मुलाने हे केलं. वास आल्यावर मी त्याला जागच्या जागी सीव्हीटीवर व्याख्यान द्यायला लागले, तो म्हणाला, आई, आधी उतर.

वेळ संपत आल्याची खूण केली जातेय. पुली इथे टेबलावरच आहे, जेवणाच्या सुट्टीत या आणि हाताने फिरवून बघा. मागची बशी पिळून बघा, स्प्रिंग किती जोराची आहे ते कळेल. बोट मधे घालू नका. हा जळका पट्टा मी पहिल्या रांगेपासून फिरवायला देते, आधी बाईंकडे. एका जागी तो वितळून बारीक झालाय, ती जागा शोधा, गाडी तिथे उभी राहून घसरली होती. वास अजून येतो. बघून झालं की शेवटच्या रांगेने तो माझ्याकडे परत द्यायचा आहे. त्या मुलीने मला तो उसना दिलाय.